मिप्स: तीन डॉक्टरांच्या क्लिनिकने तयारी कशी करावी?

प्रश्न: न्यू जर्सीत फॅमिली प्रॅक्टिस, डॉक्टर तिघे. मेडिकेअर (अमेरिकी सरकारचा, मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा आरोग्य विमा) मिप्स योजनेत डॉक्टरांच्या कामाला गुण देतं, आणि त्याचे नियम दरवर्षी बदलतात. ७५ गुणांखाली गेलो तर मेडिकेअरच्या पैशांत कपात बसते म्हणे. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: कपात दोन वर्षांनी बसते, कमाल ९ टक्के. १५ किंवा कमी क्लिनिशियन म्हणजे छोटी प्रॅक्टिस. तिला क्वालिटी (उपचारांचा दर्जा) विभागात ६ गुण जादा मिळतात आणि ईएचआरचा (रुग्णांच्या संगणकीय नोंदींचा) विभाग आपोआप वगळला जातो. मग एकूण गुणांत वजन पडतं क्वालिटी ४०, खर्च ३०, सुधारणा उपक्रम ३० टक्के. मात्र वगळलेल्या विभागाचा डेटा चुकून पाठवलात तर तोही धरतात! बिलिंगवाल्याला आधीच सांगून ठेवा.

उत्तर २: क्वालिटीचं रिपोर्टिंग क्लेमवरून (मेडिकेअरला पाठवलेल्या बिलावरून) स्वस्त, पण त्यासाठीचा क्वालिटीचा कोड मूळ क्लेमवरच हवा. राहिला तर फक्त कोडासाठी क्लेम परत पाठवता येत नाही. इथेच सगळे अडकतात. शिवाय पात्र रुग्णांपैकी ७५ टक्क्यांचा डेटा लागतो, म्हणून जानेवारीपासूनच सुरू करा. ऑक्टोबरात जागं होऊन भागत नाही.

उत्तर ३: बीपीच्या मापात (माप म्हणजे क्वालिटीचा निकष) वर्षातलं शेवटचं रीडिंग मोजतात, १४०/९० च्या खाली. १४८/८८ आलं तर रुग्णाला पाच मिनिटं बसवून पुन्हा घ्या आणि दोन्ही नोंदवा. त्या दिवशीचं सर्वांत कमी वरचं आणि सर्वांत कमी खालचं धरतात. नोव्हेंबरच्या सुमारास पुढच्या वर्षाचा अंतिम नियम आला की तुमची मापं यादीत उरलीत का, तेवढं बघा.

प्रश्नकर्ता: आभार. बिलिंगवाल्याला आजच फोन करतो.