मुलगा वारलेला, सून बाळाला दत्तक देणार. आजी-आजोबांना काय करता येतं?

परळचा_शेजारी
नमस्कार. शेजारच्या कुटुंबासाठी विचारतोय. मुलगा गेल्या वर्षी वारला. नातू चौदा महिन्यांचा, सध्या सुनेबरोबर तिच्या मुलुंडच्या माहेरी. तिचं दुसरं लग्न ठरतंय आणि बाळाला संस्थेमार्फत दत्तक द्यायचं चाललंय. आजी-आजोबांचं वय ६१ आणि ६४. त्यांची संमती लागते का? नातवाला ते स्वतः दत्तक घेऊ शकतात का? स्टॅम्प पेपरवर सुनेकडून लिहून घेतलं तर चालेल?

वांद्रे_वकील
संमती लागत नाही. वडील गेल्यावर आई एकटीच नैसर्गिक पालक असते आणि दत्तक देण्याचा अधिकारही तिचाच. आजी-आजोबांना नकाराधिकार नाही, पण न्यायालयात आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर म्हणणं मांडायचा मार्ग आहे.

स्टॅम्प पेपरचा विचार सोडून द्या. नोटरी केलेल्या कागदाने दत्तक होत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ ची प्रक्रिया डावलून मूल दिलं-घेतलं तर कलम ८० खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही.

आता सगळे अडखळतात ती जागा. कुटुंब हिंदू आहे असं धरतो. हिंदू दत्तक कायदा १९५६, कलम ११: मुलगा दत्तक घेणाऱ्याला हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचाही मुलगा नसावा. इथे ज्याला घ्यायचं तोच मुलाचा मुलगा! म्हणजे हा रस्ता बंद. बाल न्याय अधिनियमात मात्र आजी-आजोबा ‘नातेवाईक’ या व्याख्येतच येतात आणि कलम ५६(२) नुसार दत्तक घेऊ शकतात. ‘कारा’च्या (दत्तकाचं काम पाहणारी केंद्रीय संस्था) पोर्टलवर नातेवाईक गटात नोंदणी करायची. एरवीची वयोमर्यादा इथे लागू होत नाही, त्यामुळे ६१-६४ वय आड येत नाही. आईची लेखी संमती मात्र हवीच. सर्वसाधारण गटात नाव नोंदवू नका. तिथे ज्येष्ठतेच्या यादीनुसार दुसरंच मूल सुचवलं जातं.

माझ्या मते सुनेशी बोलून पालकत्वाचा अर्ज करणं सगळ्यात बरं. पालक व पाल्य अधिनियम १८९०, वांद्रे-कुर्ला संकुलातलं कुटुंब न्यायालय. आईचं नातं तुटत नाही, तिला भेटीचा हक्क ठेवता येतो, आणि दुसऱ्या लग्नाची तिची अडचणही सुटते. ती तयार नसेल तरी अर्ज करता येतो. कलम १२ खाली अंतरिम आदेश सोबतच मागा. माहेर ठाण्याला असतं तर ठाण्यात जावं लागलं असतं, कारण बाळ नेहमी जिथे राहतं ती जागा धरतात.

अर्जात सुनेवर चिखलफेक नको. बाळाच्या हिताचं बोला, नाहीतर मिळू शकणारी संमतीही जाते. आणि भेटीला आणलेलं बाळ परत न पाठवणं ही सगळ्यात महाग चूक. प्रकरण पोलिसांत आणि उच्च न्यायालयात जातं.

परळचा_शेजारी
आणि तिने बाळ आधीच सरेंडर केलं, म्हणजे दत्तकासाठी सोपवून टाकलं असेल तर?

बालसंरक्षण_ताई
मग दिवस मोजायला लागा. आईने बालकल्याण समितीसमोर समर्पणपत्र केल्यावर तिला फेरविचारासाठी २ महिने मिळतात. ही मुदत आईची आहे, आजी-आजोबांची नाही. पण त्यांना हालचाल करायला हाच काळ. समिती त्यांना आपणहून कळवेल या भरवशावर राहू नका. समर्पणात गोपनीयता पाळतात, त्यामुळे माहिती विचारत बसण्यापेक्षा लेखी अर्जच द्या आणि तारखेचा शिक्का असलेली पोच घ्या. मुलुंड उपनगर जिल्ह्यात आणि परळ शहर जिल्ह्यात, समित्या वेगळ्या. बाळाला कुठे हजर केलंय ठाऊक नसेल तर दोन्हीकडे अर्ज.

मागणी नेमकी लिहा: बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३७ नुसार बाळ कुटुंबाकडे सोपवावं, नाहीतर आजी-आजोबांना ‘योग्य व्यक्ती’ ठरवून त्यांच्याकडे ठेवावं, आणि तोवर दत्तकासाठी मुक्त घोषित करू नये. सोबत बाळाचा जन्मदाखला, मुलाचा मृत्यूदाखला, विवाहनोंदणी, उत्पन्नाचा किंवा पेन्शनचा पुरावा, दोघांचं वैद्यकीय प्रमाणपत्र. वयाचा प्रश्न येणारच, म्हणून ‘पुढे मी सांभाळेन’ असं आत्या किंवा काकाचं प्रतिज्ञापत्र जोडा. माझ्या मते या कागदाला सगळ्यात जास्त वजन असतं. गृहभेटीचीही मागणी करा.

आदेश विरोधात गेला तर कलम १०१ खाली ३० दिवसांत बाल न्यायालयात अपील. दत्तकाचा अंतिम आदेश झाल्यावर कलम ६३ नुसार बाळाचं जन्माच्या कुटुंबाशी नातं संपतं. मग भेटीचा हक्कही मागता येत नाही.

वांद्रे_वकील
ताईंच्या उत्तराला जोड: कोविडमध्ये आई-वडील गेलेल्या अहमदाबादच्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी आजी-आजोबांकडे दिला. त्यांचं वय किंवा मावशीचं जास्त उत्पन्न निर्णायक मानलं नाही. तिथे आई हयात नव्हती हा फरक आहे, पण वयाच्या मुद्द्यावर हा निकाल दाखवता येतो.

अर्ज आजींच्या नावाने करा. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

परळचा_शेजारी
आभार. उद्या आधी सुनेकडे जाऊन बोलायला सांगतो, आणि अर्जाचे कागद आजपासूनच जमवतो.