कासवाचे डोळे सुजलेत, उघडत नाहीत. पेटीतली ऊब आणि दिवे कसे असावेत?

संथ_पावलं:
लोकहो, सल्ला हवाय, जरा तातडीने. माझं हर्मन कासव (जमिनीवर राहणारी, पाला खाणारी जात) अजून लहान आहे, तळहातावर मावेल एवढं. गेल्या काही दिवसांपासून दोन्ही डोळे सुजलेत. सकाळी उजवा तर पार चिकटलेला असतो, पापणीच्या कडेला पांढरट पापुद्रा दिसतो. मधूनच पुढच्या पायाने डोळा चोळतं. पाला समोर धरला की मान पुढे काढतं, पण चावा शेजारी हवेतच मारतं. बघवत नाही.

पेटी काचेची. वर वीतभर अंतरावर पिळाचा कॉम्पॅक्ट यूव्हीबी (उन्हासारखे अतिनील किरण देणारा) बल्ब, खाली तापणारा दगड, रात्री लाल बल्ब. तळाला कोरडी वाळू. काचेवरचा तापमापक २८ अंश दाखवतो. व्हिटॅमिन एचे थेंब द्या असं एकाने सुचवलंय. देऊ का?

हिरवा_पाला:
थेंब थांबवा. व्हिटॅमिन ए कमी पडून डोळे सुजतात हे खरं, पण ते जास्त करून पाण्यातल्या आणि बॉक्स कासवांमध्ये, तेही मांसावर किंवा नुसत्या कोरड्या गोळ्यांवर वाढवलेल्या. हिरवा पाला, रानभाज्या खाणाऱ्या हर्मनला त्यातूनच बीटा कॅरोटीन मिळतं, त्याचं व्हिटॅमिन ए शरीर स्वतः बनवतं. गरज नसताना हे व्हिटॅमिन जास्त झालं, विशेषतः इंजेक्शनने, तर कातडी सोलवटून निघते.

माझा पहिला संशय बल्बवर आहे. काही कॉम्पॅक्ट बल्ब जवळून लावले की डोळ्यांचा पुढचा पडदा अक्षरशः भाजतो आणि कासव डोळे मिटून बसतं. तो आजच बंद करा. काही दिवस यूव्हीबीविना गेले तरी काही बिघडत नाही. दुसरा संशय वाळूवर. कोरडी वाळू डोळ्यात जाते, वर हवाही कोरडी ठेवते. ती काढून ओलसर माती आणि नारळाचा भुसा घाला, पण भुसा धूळ उडेल इतका सुकू देऊ नका.

एक सांगा: नाकातून पाणी किंवा बुडबुडे येतात का? श्वास घेताना आवाज? तोंडात पिवळट थर? यातलं काही असेल तर प्रकरण नुसतं डोळ्यांचं नाही.

उन्हाचा_कोपरा:
बल्बबद्दल सहमत. आता उबेचं, कारण माझ्या मते निम्मं दुखणं तिथेच आहे.

तो २८चा आकडा काचेचा आहे, कासवाचा नाही. सेन्सरची वायर असलेला डिजिटल तापमापक घ्या आणि सेन्सर पाठीच्या उंचीवर ठेवा, एक दिव्याखाली, एक थंड टोकाला. दिव्याखाली ३२ ते ३५, थंड बाजूला २२च्या आसपास. हा फरक असलाच पाहिजे, कारण कासव आपलं तापमान जागा बदलूनच सांभाळतं. सगळी पेटी एकसारखी तापली तर त्याला पळायला जागा उरत नाही. थंड राहिलं तर अन्न पचत नाही, प्रतिकारशक्ती बसते, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधही अंगात नीट काम करत नाही.

तापणारा दगड बाहेर काढा. कासवाला ऊन वरून मिळतं. पोटाखालच्या चटक्याची त्याला वेळेवर जाणीव होत नाही आणि खालचं कवच भाजतं. वरूनसुद्धा अरुंद झोताचा एकच बल्ब नको, पाठीचा मधला भाग करपतो आणि पाय गारच राहतात. साधे पसरट झोताचे दोन फ्लड बल्ब शेजारी लावा. लाल बल्बही नको, कासवाला लाल रंग चांगला दिसतो, रात्र रात्रीसारखी होतच नाही. रात्री ऊब लागेल तर सिरॅमिक हीटर, चिनीमातीच्या होल्डरमध्ये आणि थर्मोस्टॅटवर. तो हवा कोरडी करतो, म्हणून लपायच्या जागेतली माती ओलसर ठेवा.

यूव्हीबी परत लावाल तेव्हा टी५ नळी (बारीक, लांब ट्यूबलाइटसारखी) घ्या. अंतर पाकिटावर दिलेलं असतं, ते पाळा, आणि मध्ये काच नको, काचेतून यूव्हीबी जवळजवळ येतच नाही.

संथ_पावलं:
मनापासून आभार दोघांचे. बल्ब, दगड, वाळू तिन्ही काढलं. नाक कोरडं आहे, आवाज नाही, तोंड आतून गुलाबी. डॉक्टरांची वेळ परवाची मिळालीय. तोवर काय करू? घरात माणसांच्या डोळ्यांचे थेंब आहेत.

हिरवा_पाला:
ते अजिबात नकोत. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर जखम चिघळते. डॉक्टर डोळ्यात रंग टाकून निळ्या प्रकाशात ती तपासतात, मग औषध ठरतं. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारेच आहेत ना, एवढं विचारून घ्या.

तोवर निर्जंतुक सलाइनचे दोन-चार थेंब कोमट करून पापणीवर सोडा. पापुद्रा भिजून आपसूक सुटेल, नखाने खरवडू नका. रोज हनुवटीखाली येईल एवढ्या कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवा. डोळे मिटलेलं कासव पाणी शोधत नाही, आतून सुकत जातं. बरेचदा त्या पाण्यातच डोळे किलकिले करतं. तसं झालं की लगेच तोंडाशी ओला पाला धरा.

उन्हाचा_कोपरा:
आणि आजारी आहे तोवर रात्री २४च्या खाली जाऊ देऊ नका. दुसरं कासव असेल तर वेगळं ठेवा. पेटीचा, जुन्या बल्बच्या खोक्याचा आणि डोळ्यांचा फोटो डॉक्टरांकडे न्या, बल्बचं अंतर ते नक्की विचारतील.