पॅम टॅली-२ काढताना : नुसते नाव बदलून भागत नाही

लिनक्समध्ये लॉगिनची तपासणी पॅम ही व्यवस्था करते; चुकीचे पासवर्ड मोजून खाते बंद करणारे तिचे जुने मॉड्यूल टॅली-२, आणि त्याच कामाचे नवे मॉड्यूल फेललॉक. 'पॅम टॅली-२ च्या जागी फेललॉक लिहा, झाले काम' असा सल्ला दिला जातो, पण तो अर्धाच बरोबर आहे. लिनक्स-पॅमच्या १.४.० मध्ये टॅली-२ कालबाह्य ठरले आणि १.५.० मध्ये (२०२०) पूर्ण काढले गेले, त्यामुळे बदल अटळच. पॅमच्या सेटिंगमध्ये टॅली-२ ची जुनी 'रिक्वायर्ड' (यशस्वी व्हायलाच हवी अशी) ओळ तशीच राहिली, तर अपग्रेडनंतर मॉड्यूल लोड होत नाही आणि कोणालाच लॉगिन करता येत नाही. पण टॅली-२ ला ऑथ (ओळख तपासणाऱ्या) विभागात एक ओळ पुरत होती, फेललॉकला दोन लागतात: पासवर्ड तपासणाऱ्या पॅम-युनिक्सच्या आधी 'प्रीऑथ' (खाते आधीच बंद आहे का ते पाहणारी) आणि नंतर 'ऑथफेल' (चूक मोजणारी). शिवाय अकाउंट (खाते वापरता येते का ते पाहणाऱ्या) विभागात एक, नाहीतर यशस्वी लॉगिननंतरही मोजणी शून्य होत नाही.

डेबियन-उबुंटूवर खरी मेख पुढे आहे. तिथे पॅम-युनिक्सच्या ओळीत 'सक्सेस=१' असते, म्हणजे पासवर्ड जुळला की पुढची एक ओळ, म्हणजे सरसकट नकार देणारी पॅम-डिनाय, ओलांडायची. मध्ये ऑथफेल घातले की उडी नेमकी डिनायवर पडते आणि बरोबर पासवर्डही नाकारला जातो. तो आकडा २ करायलाच हवा.

मर्यादाही तपासा. टॅली-२ मध्ये खाते आपोआप उघडण्याची वेळ दिली नसेल तर खाते हाताने उघडेपर्यंत बंद राहायचे. फेललॉक मुळात ३ चुकांनंतर ६०० सेकंदांसाठीच बंद करते, आणि त्या चुका ९०० सेकंदांच्या आत झालेल्या असाव्या लागतात. हे सगळे करताना एक रूट (प्रशासक) सेशन उघडे ठेवा आणि चाचणी दुसऱ्या टर्मिनलवरूनच करा.