ग्रुपवरचे वारे आणि गावाचे मतदान : आपले अनुभव लिहा

आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अडीचशेच्या आसपास माणसे आहेत आणि गावच्या मतदार यादीत चौदाशेच्या घरात नावे आहेत. नागपुरातील नोकरी संपवून तीन वर्षांपूर्वी मी वर्धा जिल्ह्यातील या गावी परतलो. २०२४ च्या लोकसभेला मी १९ एप्रिलला नागपूरला जाऊन मतदान केले, आमच्या गावाचे मतदान २६ एप्रिलला होते, आणि मधल्या आठवड्यात मी ग्रुपवर सहज म्हणून कौल घेतला. ज्या उमेदवाराला त्यात चारांत तीन मते पडली, तो ४ जूनला आमच्याच केंद्रावर मागे राहिला. तो कोण, हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे विधानसभेला हाच प्रकार उलट्या बाजूने घडला. त्यामुळे एखाद्या पक्षाची माणसे अधिक बोलकी असतात, एवढ्यावर याचा उलगडा होत नाही.

विदर्भाने त्या वर्षी दोन वेळा सर्वांना चकवले. लोकसभेच्या १० जागांपैकी ७ महाविकास आघाडीकडे गेल्या. नागपूर, अकोला आणि बुलढाणा एवढ्याच महायुतीला राहिल्या. २० नोव्हेंबरला त्याच मतदारांनी पुन्हा रांग लावली आणि २३ तारखेला राज्यातील २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मोठ्या पक्षांकडे गेलेल्या दिसल्या; विदर्भातील ६२ जागांतही बहुतांश त्यांच्याच होत्या. दोन्ही निकालांच्या आदल्या रात्री आमच्या ग्रुपवर जे लिहिले गेले ते मी जपून ठेवले आहे, आणि ते दोन्ही वेळा चुकले आहे.

मला वाटते की ग्रुपवर कोणी खोटे बोलत नाही. बोलणारे वेगळे आणि रांगेत उभे राहणारे वेगळे, एवढाच हा मामला असावा. माझे चुकतही असेल, म्हणून हा धागा. कोणाला मत दिले ते लिहू नये. बोलणे आणि मतदान यांत अंतर दिसले असेल किंवा मुळीच दिसले नसेल, तर ते प्रसंगासह लिहावे. ‘लोक विकले गेले’ आणि ‘यंत्रातच गडबड आहे’ या दोन वाक्यांवर कृपया बोळवण करू नये.

यवतमाळ जिल्हा, शिक्षक

मी अनेक निवडणुकांत केंद्राध्यक्ष म्हणून काम केले आहे. नेमणूक नेहमी परक्या गावी असल्यामुळे माझे स्वतःचे मत टपाली मतपत्रिकेने जाते आणि मतदानाच्या दिवशी माझे गाव कसे दिसते हे मला कित्येक वर्षांत ठाऊक नाही. परकी गावे मात्र पुष्कळ पाहिली.

२६ एप्रिलला पहाटे साडेपाचला पक्षांच्या एजंटांसमोर यंत्राच्या तपासणीसाठी अभिरूप मतदान घेतले, त्यातली किमान ५० मते मोजून दाखवली, ती पुसली आणि सात वाजता दार उघडले. उन्हाच्या आत मत देऊन घरी जावे म्हणून पहिल्या दोन-तीन तासांत ज्या आल्या त्यांत साठीच्या पुढच्या बाया अधिक होत्या. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती स्वतःचा मोबाइल असेल असे वाटत नव्हते, आणि असता तरी आत आणता आला नसता. आदल्या रात्री मुक्कामाला आलो तेव्हा पारावर जी मुले मोबाइलमध्ये डोके घालून सरकार बनवत आणि पाडत होती, ती दुपारी चारनंतर मोटारसायकलवर आली, आणि सगळी आली असेही नाही.

एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. सत्तरीच्या एक आजी बटण दाबल्यावर तिथेच उभ्या राहिल्या. मत कोणाला गेले ते दाखवणारी चिठ्ठी काचेमागे ७ सेकंद दिसते आणि मग आत पडते. ती पडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. बाहेर निघताना आतच बसलेल्या एका पक्षाच्या एजंटाने त्यांना विचारले, “माय, देलं ना बराबर?” तो त्यांचा मुलगा होता. मी त्याला दटावण्याआधीच आजी म्हणाल्या, “ज्याले द्याचं त्याले देलं,” आणि चपला पायात सरकवून निघून गेल्या. जी माय पोटच्या मुलाला सांगत नाही, ती तुमच्या कौलात काय सांगणार?

तो मुलगा दिवसभर यादीवर ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ अशा खुणा करत होता. संध्याकाळी झालेल्या मतदानाच्या हिशेबाची प्रत त्याच्या हाती दिली तेव्हा त्याने ‘आपल्या’ खुणांची बेरीजही मला ऐकवली. निकालानंतर केंद्रनिहाय आकडे प्रसिद्ध झाल्यावर मी ते कुतूहलाने उघडून पाहिले. त्याच्या पक्षाची मते त्याच्या बेरजेच्या दोन-तृतीयांशही नव्हती. म्हणजे मोबाइलचेच कशाला, समोरासमोर बसून मोजणाऱ्याचेही चुकते.

मूळ गाव वाशीम जिल्ह्यात, सध्या पुणे

मी कबुली देण्यासाठी लिहीत आहे. आमच्या गावाच्या ग्रुपवर २०२४ च्या दिवाळीच्या सुमारास सर्वांत अधिक मी लिहिले असेन. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजार समितीत भाव चार हजारांच्या आसपास, हा हिशेब मी रोज मांडत होतो. लोकसभेला हा राग मतांत उतरला होता, तेव्हा तो विधानसभेलाही उतरणार याची मला खात्री होती, आणि गावातील पंधरा-वीस जण रोज अंगठा देत असल्यामुळे ती खात्री वाढत गेली.

याच ग्रुपवर आम्ही लाडकी बहीण योजनेची थट्टाही केली. दीड हजारांत काय येते, असे हिंजवडीतल्या कँटीनमध्ये बसून विचारणे सोपे असते. माझी आई तेव्हा आधार जोडण्यासाठी तालुक्याच्या बँकेत दोन दिवस रांगेत उभी राहिली होती. जुलै ते नोव्हेंबर असे पाच हप्ते, म्हणजे ७,५०० रुपये, दिवाळीच्या आधी खात्यावर आले. ते तिच्या नावावर आलेले पहिले पैसे होते, हे मला निकालानंतर समजले, तेही बहिणीकडून. आईने मत कोणाला दिले ते मी विचारलेले नाही. त्या रकमेमुळेच सगळे घडले असेही मी म्हणणार नाही, कारण सोयाबीनचा तोटा तिच्याही घरातलाच आहे. पण ग्रुपवर एकही बाई नव्हती आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही खटकली नव्हती.

आता खरी कबुली. २० नोव्हेंबरला बुधवार होता आणि सुटी एकाच दिवसाची. ट्रॅव्हल्सचे तिकीट दुपटीच्या पुढे गेले होते, जाण्यायेण्याच्या दोन रात्री प्रवासात जाणार होत्या. माझे नाव गावच्या यादीत आहे. मी गेलो नाही. त्या रात्री अकरापर्यंत मी ग्रुपवर मतदानाच्या टक्केवारीवर लिहीत होतो.

भंडारा जिल्हा, बचत गटाची अध्यक्ष

वरचे वाचून लिहावेसे वाटले. आमच्या घरी स्मार्टफोन एक आणि मते चार आहेत. फोन मालकांच्या नावावर आहे, गावाच्या ग्रुपवर तेच आहेत, आणि तिथे ते जे लिहितात ते पाहणाऱ्याला आमच्या घराचे मत वाटत असणार. विधानसभेच्या वेळी धानाची कापणी आणि मळणी सुरू होती. बायकांचे बोलणे बांधीत, चुरण्याच्या जागी होते, आणि तिथे पक्षांची नावे फारशी निघत नाहीत. धानाचा बोनस जमा झाला का, गॅसची टाकी कितीला पडली, कोणाचे घरकुल अडले आणि कोणी धावून आले, असे ते बोलणे असते. त्यातून ज्याला समजायचे त्याला समजते.

आमच्या बचत गटाचाही ग्रुप आहे. त्यावर हप्त्याची तारीख आणि बैठकीची वेळ याखेरीज काही टाकायचे नाही असे आम्हीच ठरवले आहे, कारण दहा बायका चार पक्षांच्या घरांतल्या आहेत आणि कर्जाला सगळ्या एकमेकींना जामीन आहेत.

चंद्रपूर जिल्हा

माझा अनुभव अगदी वेगळा आहे आणि धागाकर्त्यांनी तोही मागितला आहे. आमचा ग्रुप २०१९ लाही चुकला नाही आणि २०२४ च्या लोकसभेलाही नाही. २०१९ मध्ये राज्यात काँग्रेसची एकच जागा आली, ती चंद्रपूरची. वाहिन्यांवर कोणी तिच्याकडे पाहतही नव्हते, तेव्हा आमच्याकडे मात्र ते बोलले जात होते. याचे कारण मला असे दिसते की आमच्या ग्रुपवर बाहेरगावी गेलेले फार थोडे आहेत. कोळसा खाणीतले कामगार, शिक्षक, दुकानदार आणि शेतकरी असे सगळे इथलेच आहेत आणि सकाळी ग्रुपवर भांडून संध्याकाळी एकाच पानठेल्यावर भेटतात. खोटा फुगा फुगवला तर संध्याकाळी तोंड दाखवावे लागते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२४ ला कोण जिंकणार हे आम्ही बरोबर ओळखले, पण लढत काट्याची आहे असेच सगळे शेवटपर्यंत लिहीत होते. प्रत्यक्षात अंतर अडीच लाखांहून अधिक निघाले. गप्प बसलेल्यांचा कल आमच्याच बाजूचा होता, तरी तो आम्हाला दिसला नव्हता.

अमरावती जिल्हा, कृषी केंद्र

माझे बी-बियाणे आणि खतांचे दुकान आहे आणि मी अकरा ग्रुपवर आहे. त्यातील निम्मे पक्षांचे किंवा पुढाऱ्यांचे आहेत, आणि मी एकाही ग्रुपवर स्वतः गेलेलो नाही. सगळीकडे मला घेतले गेले. बाहेर पडलो तर नाव दिसते, आणि दिसले की विचारणा होते. त्यामुळे मी सगळीकडे राहतो आणि सगळ्यांना अंगठा देतो. अंगठा म्हणजे ‘रामराम, पाहिले’ एवढाच त्याचा अर्थ. वाशीमच्या भाऊंनी पंधरा-वीस अंगठे मोजले, त्यात माझ्यासारखे किती असतील याचा त्यांनी विचार करावा.

गावातला माणूस गप्प का असतो, हे दुकानात बसले की समजते. जूनमध्ये त्याला माझ्याकडून उधारीवर बियाणे हवे असते, सोसायटीतून पीककर्ज हवे असते, नुकसानीचा पंचनामा झाला तर यादीत नाव हवे असते. यातली प्रत्येक जागा कोणत्या ना कोणत्या पुढाऱ्याच्या माणसाकडे असते. मत गुप्त असले तरी मतदान यंत्र आल्यापासून केंद्राचे आकडे उघड असतात. मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती, आता कोणत्या वस्तीने किती दिले हे दुसऱ्या दिवशी सर्वांना माहीत असते. मग माणूस स्वतःचे बोट तरी कशाला दाखवील? शहरातले लोक याला भित्रेपणा म्हणतात. मी याला व्यवहार म्हणतो.

ग्रामपंचायतीला तर ग्रुप बंदच असल्यासारखा असतो. तिथे पक्षाचे चिन्ह नसते, वॉर्डात तीन-चारशे मते असतात, आणि जो तो घरे मोजून मते सांगतो. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. त्या निवडणुकीत तरी गावभराचे मत एकाच प्रश्नावर लागते. आमच्याकडे तेव्हा दोन्ही उमेदवार माझे जुने उधारीचे गिऱ्हाईक होते. त्या महिन्यात मी ग्रुपवर फक्त पावसाचा अंदाज टाकला.

गडचिरोली जिल्हा

आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी रेंजच मिळत नाही, त्यामुळे ग्रुप म्हणजे आश्रमशाळेचे शिक्षक आणि वनविभागाचे कर्मचारी. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने येतात आणि संवेदनशील भागात मतदान दुपारी तीनलाच संपते. तरीही २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७० टक्क्यांच्या वर मतदान झाले आणि नागपुरात ५४ टक्क्यांच्या आसपास. मोहफुले वेचायचे दिवस होते. लोक पहाटे वेचून आले, मत दिले आणि परत गेले. निवडणुकीबद्दल ग्रुपवर त्या दिवशी एकच संदेश आला होता: कर्मचाऱ्यांच्या जेवणाची सोय कोठे आहे.

यवतमाळ जिल्हा, शिक्षक (पुन्हा)

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. तुम्ही कौल घेतला, पण ज्यांनी त्यात मत दिले त्यांच्यापैकी किती जणांची नावे गावच्या मतदार यादीत आहेत, हे तपासले का? बीएलओकडे, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, यादी असते. तासाभराचे काम आहे.

धागाकर्ता

तपासले नव्हते, काल बसून तपासले. कौलात ९६ जणांनी भाग घेतला होता. नावे आणि फोन नंबर जुळवताना बीएलओ ताईंनी बरीच मदत केली, कोण कोठे राहतो हे त्यांना यादीपेक्षा अधिक पाठ आहे. ९६ पैकी ४१ नावे गावच्या यादीत सापडली. त्या ४१ मध्ये १४ जण पुण्यात किंवा नागपुरात असतात आणि लोकसभेला त्यांतले तिघेच आले होते, असे त्या म्हणाल्या. बायका ५. सर्वांत अधिक लिहिणाऱ्या बारा जणांची यादी मी वेगळी केली, तर त्यातील सात जणांचे नाव गावच्या यादीत नाही.

त्या सातांत मीही आहे. तीन वर्षे येथे राहून, या गावाचा कौल घेऊन, माझे मत अजून नागपुरातच होते. पत्ता बदलण्याचा नमुना ८ ताईंनी माझ्याकडून तिथेच भरून घेतला आणि म्हणाल्या, “आता पुढच्या खेपेस रांगेत या, मंग लिहा.”