पुन्हा भरायच्या पॉडमधून नुसतं पाणी येतंय

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदा):
मुलाने दिलेल्या कॅप्सूलच्या कॉफी मशीनसाठी स्टीलचा पुन्हा भरायचा पॉड (कॉफीची पूड भरून मशीनमध्ये ठेवायची छोटी डबी) घेतला. घरचीच चिकोरीवाली फिल्टर कॉफी भरली, तर चार थेंब आले आणि मशीन घरघरत थांबलं. मग रवाळ दळून आणली, तर तपकिरी पाणी! अ‍ॅल्युमिनियमचे पॉड रोज कचऱ्यात टाकायचं मन होत नाही. काय चुकतंय?

उत्तर १:
ताई, आधी चिकोरी बंद. ती विरघळून चिकट होते आणि झाकणाची बारीक भोकं बुजवते. निव्वळ कॉफी घ्या, दळण बारीक साखरेहून जरा बारीक, पण मैद्यासारखं नको. माझ्या पॉडात 5 ग्रॅम मावते. चमच्याच्या पाठीने हलकेच दाबते आणि काठावरची पूड बोटाने पुसते. काठाला कण राहिला की पाणी बाजूने पळतं. मला हे कळायला महिना गेला.

उत्तर २ (इंदूर):
काकू, रबरी रिंगही बघा, माझी चिरली होती. आणि पॉड लगेच धुवा, वाळलेला चोथा निघता निघत नाही.

प्रश्नकर्ती:
आज बिनचिकोरीची केली, काठ पुसून. वर सोनेरी फेस आला हो! ह्यांनी दुसरा कप मागितला.