लग्नाची पन्नाशी आफ्रिकेत: घरच्या ग्रुपवर ठरलेला सफारीचा बेत

शनिवार

निखिल: आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नाशीला पुढच्या वर्षी सगळ्यांनी मिळून आफ्रिका, हे आता नक्की. ढोबळ बेत टाकतोय. केपटाउन २ रात्री, क्रूगरचं जंगल २, नामिबियात सोसुसव्लेईचं वाळवंट २ आणि इतोशाचं जंगल २, बोत्स्वानात ओकावांगो नदीचा त्रिभुज प्रदेश २ आणि चोबे नदीकाठचं जंगल १, झिंबाब्वेत व्हिक्टोरिया धबधबा १. एकूण १२ रात्री, चार देश. एकदाच जाणार, तर सगळं बघून येऊ.

विद्याकाकू: वा वा! 🙏 किती छान कल्पना.

सुधीरकाका: आम्ही दोघं नागपूरहून तयारच आहोत. निखिल, रानकुत्री दिसतील का रे?

मेघना: निखिल, बेत नीट वाचला. बारा रात्रींत सात मुक्काम म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची आणि विमान गाठायचं. सफारीचा दिवस कसा असतो सांगते. पहाटे साडेपाचला उठवतात, सहाला गाडी निघते, दहाच्या सुमारास परत. दुपारी आराम, चारला पुन्हा गाडी, अंधार पडल्यावर परत. दोन रात्रींच्या मुक्कामात पोचायचा आणि निघायचा दिवस वजा केला तर अख्खा दिवस एकच हाताशी उरतो. बाबांचा गुडघा बघ, तुझ्या ईशानचं वय बघ. माझं म्हणणं, मोठी जंगलं दोनच घेऊ, तीन-तीन रात्री. मग चोबे आणि धबधबा.

निखिल: ताई, नामिबिया सोडायचा? सोसुसव्लेईजवळच्या डेडव्लेईतली ती वाळलेली काळी झाडं आणि मागे लाल वाळूचे डोंगर... कधीपासून मनात आहे माझ्या.

मेघना: म्हणूनच म्हणते, तो असा घाईत उरकू नकोस. राजधानी विंडहूकहून सोसुसव्लेईला रस्त्याने पाचेक तास लागतात, इतोशा तर उत्तरेला दुसऱ्या टोकाला. नामिबिया स्वतः गाडी चालवत, थांबत-थांबत बघायचा देश आहे. तुम्ही तिघं वेगळे जा. आणि केपटाउनचं म्हणशील तर तिथला पावसाळा जून ते ऑगस्ट असतो. ढगात टेबल माउंटनच दिसला नाही तर आई-बाबांना तिथवर नेऊन काय उपयोग?

सायली: मेघनाताई, तारखा म्हणजे ऑगस्ट धरायचा ना? आमच्याकडे लंडनला शाळेची सुट्टी तेव्हाच आहे. तुमच्या अन्वीला मात्र रजा काढावी लागेल.

मेघना: अन्वीच्या शाळेशी मी बोलते. सुट्टी सोडून दिली तरी ऑगस्टच बरा, तो पाण्यामुळे. ओकावांगोचा पूर आपल्या हिशेबाच्या उलटा येतो. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास. ते पाणी जवळजवळ सपाट जमिनीवरून सावकाश सरकत काही महिन्यांनी बोत्स्वानात पोचतं. जून ते ऑगस्टमध्ये तिथे आभाळात ढग नसतो आणि नेमका तेव्हाच पूर सर्वांत मोठा असतो. नदी समुद्राला मिळतच नाही. काही पाणी कालाहारीच्या वाळूत जिरतं, बाकीचं उन्हाने उडून जातं. चहूकडे कोरडं आणि मधोमध पाणी, त्यामुळे जनावरं तिथे गोळा होतात. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात जे हजारावं स्थळ नोंदलं गेलं, ते हेच.

मेच्या सुट्टीत गेलो तर धबधबा तुडुंब, पण तुषार एवढे उडतात की समोरचं दिसत नाही, आणि पावसाळ्यानंतरचं गवत उंच असतं. दिवाळीत गेलो तर उन्हाने भाजून निघू आणि धबधब्याचे बरेच कडे कोरडे पडलेले असतील. ऑगस्टमध्ये दोन्ही जमतं.

आई: ऑगस्ट म्हणजे श्रावण गं. माझे सोमवार असतात. आणि पुढच्या वर्षी गणपती सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आहेत, त्याआधी घरी पोचायला हवं.

मेघना: आई, २० ऑगस्टपर्यंत परत येऊ. श्रावणाचं कँपला आधीच कळवते. हे कँप छोटे असतात, स्वयंपाकी माणसामाणसाचं बघून करतो. शाकाहारी, अंडं नको, कांदा-लसूण नको, काहीही असलं तरी महिनाभर आधी लेखी द्यायचं, कारण सगळा शिधा विमानाने किंवा ट्रकने आत जातो. उपासाला बटाटे, शेंगदाणे, फळं तिथे मिळतील. भगर आणि साबुदाणा आपण नेऊ.

विद्याकाकू: राजगिऱ्याचे लाडू माझ्याकडे लागले.

रविवार

बाबा: मेघना, काल रात्री एका कँपचे दर पाहिले. दर माणशी दर रात्री लाख-सव्वा लाख रुपये! एवढा खर्च आमच्यासाठी कशाला? ताडोब्याला सगळे जमलो तरी आनंदच आहे.

निखिल: बाबा, खर्चाचं तुम्ही बघायचंच नाही. ते मी आणि ताई बघतोय.

मेघना: बाबा, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट लिहिते. ऑगस्टमध्ये ओकावांगोतल्या चांगल्या कँपला हजार-दीड हजार डॉलर पडतातच, नावाजलेल्यांना दोन हजारांच्याही वर. बोत्स्वानाने ठरवूनच माणसं कमी आणि दर जास्त हे धोरण धरलंय. त्यात जेवण, दोन्ही वेळची सफारी, गाइड, बहुतेक ठिकाणी कपडे धुणंसुद्धा येतं. पण माझ्या लेखी पैसे तंबूतल्या संगमरवरी बाथटबचे नाहीत. खासगी जंगलात मोजक्याच गाड्या असतात, वाट सोडून आत जाता येतं, अंधार पडल्यावरही फिरता येतं. सरकारी राष्ट्रीय उद्यानात वाट सोडायची परवानगी नसते. तेव्हा पैसे अशा दोनच ठिकाणी घालायचे, ओकावांगो आणि क्रूगरला लागून असलेलं साबी सँड हे खासगी जंगल. चोबेला नदीकाठचं साधं लॉज आणि धबधब्याला साधं हॉटेल चालेल, तिथे आपण दिवसभर बाहेरच असणार.

सुधीरकाका: दादा, मेघना बरोबर बोलतेय. ताडोब्यात जिप्सी रस्ता सोडत नाही, आणि वाघ दिसला की दहा गाड्या एका रांगेत. ते नियम हवेतच, पण एकदा निवांत बघायला मिळावं असं वाटतं. मेघना, साबी सँडमध्ये क्रूगरचीच जनावरं असतात ना?

मेघना: हो काका. दोन्हींच्या मधलं कुंपण १९९३ साली काढलं, तेव्हापासून जनावरं मोकळी ये-जा करतात. बिबट्यासाठी साबी सँडसारखी जागा नाही. मी आणि प्रसाद गेलो होतो तेव्हाचं सांगते. गाडीच्या बॉनेटवर पुढे एक खुर्ची असते, तिच्यावर माग काढणारा ट्रॅकर बसतो. चालत्या गाडीत त्याने नुसता हात वर केला, गाडी थांबली. तो खाली उतरला आणि वाळूतल्या पंजाच्या ठशाशेजारी स्वतःचं बोट टेकवून बघितलं. ठशाची कड अजून धारदार होती, ढासळलेली नव्हती, म्हणजे बिबट्या थोड्याच वेळापूर्वी गेला होता. मग खारींचा कलकलाट ऐकत आम्ही झुडपांत शिरलो आणि थोड्या वेळात मारुला वृक्षाच्या फांदीवर मादी दिसली, इंपाला हरीण वर ओढून बसलेली. त्या माणसाचं ज्ञान बघायला मी पुन्हा जाईन. बाबा, तुम्ही ते बघावं असं मला फार वाटतं.

बाबा: बरं. वाचतोय. पुढे सांगा.

सुधीरकाका: माझी रानकुत्री राहिली.

मेघना: काका, आपले कोळसुंदे वेगळे, तिथली ठिपकेदार रानकुत्री वेगळ्या जातीची. ती एरवी रोज मैलोन्‌मैल भटकतात. पण जून-जुलैच्या सुमारास पिल्लं झाली की तीनेक महिने बिळाच्या आसपासच राहतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये आशा धरायला हरकत नाही. ओकावांगोतला कँप त्या हिशेबानेच शोधतेय.

सायली: ताई, मला ईशानचं जरा टेन्शन आहे. बरेच कँप सहा वर्षांखालच्या मुलांना सफारीच्या गाडीत घेत नाहीत असं वाचलं. शिवाय मलेरिया. माडिक्वे नावाचं एक जंगल मलेरियामुक्त आहे म्हणे, साबी सँडऐवजी ते घ्यायचं का?

मेघना: ईशान जूनमध्ये सहाचा होतोय, तो प्रश्न सुटला. तरी आपल्यासाठी स्वतंत्र गाड्या घ्यायच्या, म्हणजे तो कंटाळला तर मधूनच परत फिरता येईल, दुसऱ्या पाहुण्यांचा खोळंबा नको. ओकावांगोत मोकोरो, म्हणजे काठीने ढकलायची लांब अरुंद होडी, तीत मात्र लहान मुलांना बसवत नाहीत. तेवढा वेळ मी त्याच्याबरोबर कँपवर थांबेन.

माडिक्वे उत्तम आहे. १९९१ नंतर त्या चराऊ जमिनीवर आठ हजारांहून जास्त जनावरं आणून सोडली आणि जंगल उभं केलं. मलेरियाचं प्रसाद सांगेल.

प्रसाद: सायली, नुसत्या मलेरियासाठी माडिक्वे घेऊन फायदा नाही. ओकावांगो, चोबे आणि धबधबा, तिन्ही मलेरियाच्या पट्ट्यात येतात. म्हणजे गोळ्या सगळ्यांना घ्याव्याच लागणार. ऑगस्टमध्ये थंडी आणि कोरडं असल्याने डास बरेच कमी असतात, तरी गोळ्या चुकवायच्या नाहीत. ईशानचा डोस वजनावर ठरेल, तुमच्या तिथल्या डॉक्टरांना दोन महिने आधी भेट. संध्याकाळी लांब बाह्या, मोजे, मलम.

दुसरं, विमानाचा मार्ग. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून तिकीट स्वस्त दिसेल, पण ते देश यलो फीव्हर म्हणजे पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. थांबा किती तासांचा यावर नियम बदलतो आणि काउंटरवर लसीच्या प्रमाणपत्रावरून वाद होऊ शकतो. ही लस किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि साठीपुढच्यांना डॉक्टर फार विचार करून देतात. आई, बाबा, काका, काकू, चौघांसाठी ती जोखीम कशाला? दुबई किंवा दोहामार्गे थेट जोहान्सबर्गला जाऊ. निखिल, तुम्ही लंडनहून जोहान्सबर्गलाच भेटा.

आणि विम्यात जंगलातून विमानाने हॉस्पिटलला हलवण्याचा खर्च धरलेला हवा. बाबांचं बीपी लपवायचं नाही, फॉर्मवर स्पष्ट लिहायचं.

निखिल: प्रसाद, पटलं. साबी सँडच ठेवू. मग क्रम असा: जोहान्सबर्गहून साबी सँड ३. परत जोहान्सबर्ग, तिथून बोत्स्वानातलं मौन नावाचं गाव, मौनहून छोट्या विमानाने ओकावांगोत ३. छोट्याच विमानाने कासाने गाव, तिथे चोबे २. रस्त्याने सीमा ओलांडून व्हिक्टोरिया फॉल्स २, आणि तिथून थेट जोहान्सबर्ग. दहा रात्री.

मेघना: अगदी. धबधबा झिंबाब्वेच्या बाजूनेच बघू, बराचसा भाग तिथूनच समोर दिसतो. १७०० मीटर रुंद आणि १०८ मीटर खोल, ऑगस्टमध्येही रेनकोट लागतो.

आणि निखिल, चोबे नदीत संध्याकाळी बोटीने जायचं, हत्ती पोहत नदी ओलांडतात तिथे. समोरचा काठ नामिबियाचाच आहे. तुझ्यासाठी तेवढं तरी.

निखिल: ❤️

बाबा: त्याच नदीत ते बेट आहे ना, कासिकिली की सेदुदू? नामिबिया आणि बोत्स्वाना त्या बेटावरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले होते. १९९९ साली निकाल बोत्स्वानाच्या बाजूने लागला. नदीचा मुख्य प्रवाह बेटाच्या कोणत्या बाजूने जातो, त्यावर सगळा युक्तिवाद होता. वकिली करत असताना मी ते बारकाईने वाचलं होतं. ते बेट बघायला मिळणार असेल तर मी येतो.

आई: अहो, म्हणजे हत्तींसाठी नाही, खटल्यासाठी का! पण तुम्ही एकदाचं हो म्हणण्याची वाट बघत होते मी.

मेघना: बाबा, बोट त्या बेटाला वळसा घालूनच जाते. 😊

सोमवार

मेघना: सामानाचं आजच सांगून ठेवते, नंतर खरेदी करून बसाल. छोट्या विमानात माणशी १५ ते २० किलो, त्यात हातातली पर्स आणि कॅमेराही आला. बॅग मऊ कापडी हवी, चाकांची किंवा कडक कवचाची घेत नाहीत. सामानाचा कप्पा विमानाच्या पोटाखाली असतो, त्यात दाबून बसवतात. कपडे खाकी, मातकट रंगाचे. लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, झिंबाब्वे आणि बोत्स्वानात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. प्रसाद, तुझी ती पँट घरीच. पहाटे उघड्या गाडीत कडाक्याची थंडी असते, तेव्हा कानटोपी, हातमोजे, जाड जाकीट. प्लगचं एक सोपं आहे. दक्षिण आफ्रिकेतली सॉकेट आपल्या गीझरच्या मोठ्या तीन पिनांची असतात, तोच प्लग असलेली एक एक्स्टेन्शन घेऊ.

सुधीरकाका: माझी मोठी लेन्स एकटीच तीन किलोंची आहे. ट्रायपॉडसकट निम्मं वजन कॅमेऱ्याचंच होईल.

मेघना: ट्रायपॉड ठेवा काका, गाडीत उपयोग नाही. रिकामी कापडी पिशवी आणा, तिथे तांदूळ भरून लेन्सखाली ठेवू. आणि माझे कपडे कमी असतील, माझ्या वाट्याचे पाच किलो तुम्ही घ्या.

सुधीरकाका: देव तुझं भलं करो बेटा.

अन्वी: आजी, मोकोरो आता फायबरग्लासचे करतात, मोठी झाडं तोडावी लागू नयेत म्हणून. मी तुझ्या होडीत बसणार, आधीच सांगून ठेवते.

आई: बस गं राणी. मला पाण्याची भीती वाटते, तू हात धर.

निखिल: व्हिसा माझ्याकडे. तिन्ही देशांचे अर्ज वेगवेगळे. आपण दक्षिण आफ्रिकेतून बाहेर पडून पुन्हा आत येणार, म्हणून तो व्हिसा मल्टिपल एंट्रीचा मागतोय. ईशान आणि अन्वीचे जन्मदाखले इंग्रजी प्रतीसह लागतील. पॅकेज भारतातून घेतलं तर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापला जाईल, तो प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये वळता होतो, ताई पावत्या जपून ठेव. सगळ्यांनी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो मला वेगळे पाठवा, ग्रुपवर नको. परतल्यानंतरही सहा महिन्यांची मुदत हवी आणि कोरी पानं पुरेशी हवीत.

विद्याकाकू: निखिल, माझा ठीक आहे, यांचा पुढच्या ऑक्टोबरमध्ये संपतोय.

निखिल: काका, मग सहा महिने भरत नाहीत. आत्ताच नवा करून घ्या, व्हिसाचे अर्ज त्यानंतरच भरता येतील.

सुधीरकाका: उद्या सकाळीच अर्ज भरतो. तारीख मिळाली की कळवतो.

मेघना: कँपचं आगाऊ आरक्षण या आठवड्यात करतेय. ऑगस्टच्या जागा वर्षभर आधी भरतात आणि ओकावांगोत आपल्याला एकदम पाच तंबू लागणार. कोणाला तारखा बदलायच्या असतील तर बुधवारपर्यंत सांगा.