त्रिंशांशात लग्न शनीचं की गुरूचं? पाच मिनिटांचा घोळ – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दापोली तालुक्यातले, केळशीच्या अलीकडे घर आणि आगर. प्रश्न धाकट्या भावाच्या पत्रिकेचा. रास मकर, म्हणजे साडेसाती २६ जानेवारी २०१७ ला लागली ती २९ मार्च २०२५ ला सुटली. मधे ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. निम्म्याहून जास्त पोफळी एका दुपारीत आडव्या. (ज्यांना साडेसाती नव्हती त्यांच्याही पडल्या, हे मला कळतं. आईला कोण सांगणार?) नवी पोफळ धरायला सात-आठ वर्षं जातात. साडेसाती सुटली म्हणून जरा हुश्श करतोय, तोच यंदा पावसात शेवाळावरून घसरून भावाचा पाय मोडला.

आई पत्रिका घेऊन एका गुरुजींकडे गेली. त्यांनी त्रिंशांश (राशीचे भाग पाडून मूळ पत्रिकेवरून काढलेली पोटकुंडली) मांडून सांगितलं की लग्नच (जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश) शनीच्या वाट्यात आहे, हे अरिष्ट साडेसातीचं नव्हे, जन्माचं; शांती करून घ्या. खर्चाचा आकडा इथे लिहीत नाही, पण तेवढ्यात पोफळीची दोनेकशे रोपं सहज आली असती.

मग मी स्वतः मांडून बसलो. मला समजलंय ते असं, चुकलं तर सांगा. नाव त्रिंशांश असलं तरी पाराशरी पद्धतीत राशीचे भाग पाचच, तेही असमान. सम राशीत (वृषभ, कर्क, कन्या अशा) शुक्र ५, बुध ७, गुरू ८, शनी ५, मंगळ ५ अंश. विषम राशीत क्रम उलटा. रवी-चंद्राला वाटा नाही, त्यामुळे या कुंडलीत त्यांच्या राशींत, म्हणजे कर्क-सिंहेत, कोणी बसूच शकत नाही. तरी माझ्या मोबाइलमधलं एक अॅप मंगळ कर्केत दाखवतंय! ते सरसकट तीस समान भाग करतं की काय?

भावाचं लग्न कन्या. मी वेळ संध्याकाळी ७:३५ घेतली तर १९ अंश २० कला येतात, म्हणजे गुरूचा त्रिंशांश. गुरुजींनी ७:४० धरली, लग्न वीस अंश ओलांडून गेलं, आणि झाला शनीचा. शिवाय मी लाहिरी अयनांश (राशीचक्राची सुरुवात कुठून धरायची याचं एक माप) घेतलाय. रामन घेतला तर दीडेक अंशाचा फरक पडून ७:३५ लाही शनीच.

आता ही वेळ आली कुठून? बाळंतपण घरी, माजघरात. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर तारीख आहे, वेळ नाही. आई म्हणते, "शिमग्याची पालखी वाडीत फिरत होती, दापोलीची वस्तीची गाडी वळणावर हॉर्न देत होती, नि हा रडला." गाडीची वेळ साडेसात. बस्स, एवढाच पुरावा. गुरुजी याच वेळेवर षष्ट्यंशही (राशीचे साठ भाग पाडलेली कुंडली) वाचतात, जिथे दोन मिनिटांत लग्न बदलतं. मला तर हसूच आलं, पण आईसमोर हसता येत नाही.

जाणकारांना विचारायचंय ते हे: मूळ कुंडलीत षष्ठ-अष्टम-व्ययाचं (सहावं, आठवं, बारावं ही अशुभ मानलेली स्थानं) तसं काही दिसत नसताना नुसत्या त्रिंशांशावर अरिष्ट सांगतात का? आणि घडून गेलेल्या गोष्टींवरून (वादळ, पाय, २०१४ साली वडील गेले) वेळ शुद्ध करून देणारं कुणी इथे आहे का? पूर्ण तारीख व्यनिने (खासगी निरोपाने) देतो. अमावास्येच्या आत कळलं तर बरं, शांतीचा दिवस तोच ठरलाय.

ता.क. आत्ताच शेजारचे काका येऊन गेले. ते याच मार्गावर कंडक्टर होते. म्हणाले, "शिमग्यात ती गाडी साडेआठच्या आत कधी आल्ये? रस्त्यात दर वाडीला पालखी आडवी." म्हणजे मग लग्न तूळ, तीन अंशाच्या आसपास, आणि तूळ विषम रास म्हणून त्रिंशांश मंगळाचा. आईला अजून सांगितलेलं नाही.